'मदर करेज' बसवताना: पाट्या, गाणी आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांतलं पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजातून बाहेर पडून नुकताच उभा राहिलेला एक ग्रुप जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'मदर करेज' मराठीत करतोय, नट अकरा, वेळ जेमतेम अडीच तास, आणि रिहर्सलमध्ये वाद पेटलाय की एपिक थिएटर (प्रेक्षकाने गोष्टीत वाहून न जाता विचार करत बघावं, ही ब्रेख्तची नाट्यपद्धत) म्हणजे भावना दाखवायचीच नाही का. कारण धाकटा मुलगा मारला जातो तो सीन बघताना तालमीला आलेल्या मित्रांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि डिरेक्टर म्हणाला हे चुकलं, हे ब्रेख्त नाही, उद्यापासून सपाट बोला.

मी बरीच वर्षं नाटकं बसवतोय, त्यातली काही वर्षं ब्रेख्त शिकवतोय, आणि हा वाद जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी उत्तर सांगून टाकतो: सपाट बोलू नका. पाणी आलं ते चुकलं नाही, पण ते नेमकं कशामुळे आलं ते तपासा. 'बिचारी आई' म्हणून आलं असेल तर सीन अर्धाच बसलाय. 'अगं बाई, पैसे दे ना, दे लवकर' असं आतून ओरडावंसं वाटून आलं असेल तर तुमचा सीन बरोबर चाललाय.

हे नाटक कधी लिहिलंय ते बघा. १९३३ च्या फेब्रुवारीत राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेला, आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेख्तने जर्मनी सोडली. आधी डेन्मार्क, मग १९३९ साली स्वीडन, आणि तिथे त्याच वर्षी, महायुद्ध सुरू होण्याच्या सुमाराला त्याने हे लिहून काढलं, मार्गारेट श्टेफिन त्याच्या सोबत काम करत होती. गोष्ट मात्र घेतली तीनशे वर्षं मागची, १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध, त्यातला १६२४ ते १६३६ एवढा तुकडा. का? कारण स्वीडन तटस्थ होतं पण तिथलं लोखंडाचं खनिज जर्मनीला जात होतं, आणि आजूबाजूच्या छोट्या देशांना वाटत होतं की आपण लांब उभं राहून थोडा धंदा करून घेऊ, झळ काही लागणार नाही. नाटकाची नायिका अॅना फिअर्लिंग उर्फ करेज हेच करते. सैन्याच्या मागून गाडी ओढत दारू, पट्टे, शर्ट, काडतुसं विकते आणि तिला वाटतं की युद्धातून आपण कमावू आणि पोरं मात्र वाचवू. पहिल्या सीनच्या शेवटी सार्जंट जे म्हणतो त्याचा अर्थ एवढाच, की युद्धावर जगायचं तर युद्धाला काहीतरी द्यावं लागेल. तीन मुलं आहेत, तिन्ही जातात, आणि त्या त्या वेळी ती कुठल्यातरी सौद्यात अडकलेली असते. माझ्या मते सगळं नाटक या एका गोष्टीवर उभं आहे, आणि एपिकची म्हणून जी जी टेकनिक्स आपण पुस्तकात वाचतो ती सगळी इथे या एकाच कामाला लावलेली आहेत: सौदा आणि मरण एकाच वेळी, एकाच नजरेत दिसलं पाहिजे.

म्हणून तालमीचं पहिलं काम सांगतो. स्क्रिप्ट घ्या आणि प्रत्येक सीनमध्ये कोण काय विकतंय, किती मागतंय, किती मिळालं हे समासात लिहा. आधी फक्त व्यवहार बसवा, भावना नंतर. पहिला सीन घ्या. थोरला आयलिफ सैन्यात ओढला जातो तो कसा? सार्जंट म्हणतो पट्ट्याचं बक्कल घ्यायचंय, करेज गाडीमागे त्याच्याशी भाव करत बसते, आणि तेवढ्यात भरती करणारा पोराला घेऊन जातो. मुकी मुलगी कात्रिन ओरडून सांगायचा प्रयत्न करते पण आईचं लक्ष पैशांत. आता हा सीन जर तुम्ही 'दुष्ट सैनिकांनी आईचं लेकरू पळवलं' असा बसवला तर संपलं. बक्कल खरं हवं, जड हवं, तिने ते हातात घेऊन बघायला हवं, आणि पोरगा दुसऱ्या टोकाला, त्याच उजेडात, सगळ्यांना दिसेल असा निघून जायला हवा. प्रेक्षकाला दोन्ही एकदम दिसलं की तुम्हाला वेगळं काही 'एपिक' करावं लागत नाही.

हा बक्कलाचा प्रकार नंतर घातलेला आहे, आणि तो का घातला हे कळलं तर तुमचा वाद निम्मा मिटेल. नाटकाचा पहिला प्रयोग झाला १९ एप्रिल १९४१ ला झ्युरिकमध्ये, तेरेझ गीझे करेज झाली होती, ब्रेख्त तेव्हा फिनलंडमध्ये होता, त्याला प्रयोग बघताच आला नाही. समीक्षकांनी लिहिलं ते साधारण असं, की काय ही आई, काय तिची चिवट जगण्याची ताकद, ग्रीक पुराणातल्या लेकरं गमावलेल्या नायोबीसारखी. ब्रेख्तला हे बोचलं, कारण लोक युद्धाकडे भूकंपासारखं बघत होते, येतं, माणसं मारतं, बिचारी माणसं सोसतात. मग त्याने सीन बदलले. पाचव्या सीनमध्ये, मॅग्डेबर्गजवळ, जखमींना पट्ट्या बांधायला करेजकडचे शर्ट हवे असतात. पहिल्या खर्ड्यात ती स्वतःच देत होती, नव्यात ती नकार देते, ऑफिसरांचे महागाचे शर्ट आहेत म्हणते, ते तिच्याकडून हिसकावून घ्यावे लागतात. म्हणजे त्याने तिच्या वाट्याची सहानुभूती मुद्दाम कमी केली आणि तिचा धंदा जास्त उघडा केला. आणि तरीही ११ जानेवारी १९४९ ला बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये त्याने आणि एरिक एंगेलने मिळून तो प्रयोग केला, त्याची बायको हेलेन वायगेल करेज, तेव्हा लोक रडलेच. समोर बॉम्बने पडलेलं शहर होतं, घराघरात मेलेली पोरं होती, रडणार नाहीत तर काय करतील. त्याने त्यावर वायगेलला 'कमी कर' असं सांगितलेलं नाही. उलट त्या प्रयोगातली सगळ्यात गाजलेली जागा ही भावनेचीच आहे.

ती जागा तिसऱ्या सीनमध्ये आहे आणि त्यावर मी थोडं थांबतो, कारण तुमचा वाद याच सीनवर झालाय. धाकटा, स्विस चीज, फिनिश रेजिमेंटचा खजिनदार, स्वभावाने सरळ, पैशांची पेटी लपवायच्या नादात शत्रूच्या, म्हणजे कॅथलिकांच्या हाती सापडतो. लाच दिली तर सुटेल, दोनशे गिल्डर. करेजकडे रोकड नाही, गाडी आहे. इव्हेट म्हणून एक वेश्या आहे, तिने एक म्हातारा कर्नल पटवलाय, त्याच्या पैशाने ती गाडी घ्यायला तयार आहे. करेज म्हणते विकत नाही, गहाण ठेवते, कारण तिचा हिशोब असा की पोरगा सुटला की पेटीतल्या पैशांनी गाडी सोडवू. मग कळतं पेटी त्याने नदीत टाकली. आता दोनशे दिले तर गाडी गेली, म्हणजे पोट गेलं. ती इव्हेटला म्हणते, एकशेवीस सांग. इव्हेट धावत जाते, धावत येते, ते ऐकत नाहीत. शेवटी ती म्हणते दोनशे दे, पळ. आणि मग जे म्हणते ते फार साध्या शब्दांत आहे, की मला वाटतं मी जरा जास्तच घासाघीस केली. लांबून नगारे ऐकू येतात.

हे बसवताना बहुतेक जण रडण्याच्या जागेकडे पळत सुटतात. उलट करा. घासाघीस पूर्ण बसवा, प्रत्येक आकडा ऐकू गेला पाहिजे, प्रत्येक आकड्यानंतर ती गाडीकडे बघते की नाही ते ठरवा. ब्रेख्तने नटांसाठी एक सूत्र सांगितलंय, मी तालमीत त्याला 'हे नाही, तर ते' म्हणतो: नटाने जे केलं त्यात जे केलं नाही तेही दिसलं पाहिजे. तिला एकशेवीस म्हणायचं आहे, पण तोंडावर दोनशे येऊन गेलेला दिसला पाहिजे. तोंड उघडलं, शब्द आला, तिने तो गिळला, एकशेवीस म्हणाली. असं झालं तर प्रेक्षकाला कळतं की इथे दोन रस्ते होते, नशीब वगैरे काही नव्हतं. आणि त्यातच दुःख आहे, हे तुमच्या डिरेक्टरला सांगा. दुःख काढून टाकलेलं नाही, त्याला कारण जोडलंय.

वायगेलने पोराला मारल्याचं कळतं तिथे काय केलं तर डोकं मागे टाकून तोंड पूर्ण उघडलं, किंकाळीसारखं, आणि आवाज काढलाच नाही. तिच्या त्या किंकाळीचे फोटो तुम्हाला सहज सापडतील. प्रयोगाच्या टिपणांत लिहिलंय की ही मुद्रा बहुधा एका वर्तमानपत्री फोटोवरून आली असावी, सिंगापूरवर मारा चालू असताना मेलेल्या मुलाच्या प्रेताजवळ बसलेल्या एका भारतीय बाईचा तो फोटो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जर्मन रंगभूमीवरची सगळ्यात प्रसिद्ध मूक किंकाळी आपल्याकडच्या एका अनाम बाईकडून गेलेली असू शकते, आणि ती नटीने 'आतून' शोधलेली नसून बघून, निरखून उचललेली आहे. नंतर प्रेत आणतात, ओळखतेस का विचारतात, ती नाही म्हणून मान हलवते, दोनदा. ओळख दाखवली तर ती आणि कात्रिन दोघी अडकतील. इथे तुमच्या नटीला सपाट राहायला सांगू नका, तिला एक काम द्या: चेहरा सरळ ठेवायचाय, समोरचा बघतोय. काम दिलं की अभिनय आपोआप नेमका होतो.

आता 'अलिप्तता', म्हणजे नटाने पात्रात विरघळून न जाता जरा बाजूला राहणं, कशी आणायची. ब्रेख्तचा एक जुना व्यायाम आहे, आपले संवाद तिसऱ्या पुरुषात आणि भूतकाळात म्हणायचे, कंसातल्या रंगसूचनाही मोठ्याने वाचायच्या. "ती उठली, पाकीट उघडलं आणि म्हणाली, एकशेवीस सांग." आठवडाभर करून बघा. नट आणि पात्र यांच्यामध्ये जरा हवा खेळायला लागते आणि नट आपल्या पात्राबद्दल मत बनवू लागतो, हे प्रयोगात म्हणायचं नसतं पण त्याची सवय आवाजात उरते. दुसरा व्यायाम त्याच्या 'रस्त्यावरचा सीन' या लेखातून: अपघात बघितलेला माणूस गर्दीला सांगतो ड्रायव्हर कसा आला, म्हातारा कसा चालत होता. तो ड्रायव्हर 'होत' नाही, दाखवतो, जेवढं लागतं तेवढंच. तुमच्या अकरा जणांना रोज एक जण असं करायला सांगा, चौकातली खरी गोष्ट घेऊन. हे आपल्याला परकं नाही. कीर्तनकार उत्तररंगात द्रौपदी होतो, दुसऱ्या क्षणी उपरणं सावरून तुम्हाला अर्थ सांगायला लागतो, आणि समोर बसलेल्या आजीला त्यात काही विचित्र वाटत नाही. पण एक फरक लक्षात ठेवा, कीर्तनात कथा आणि तिचा अर्थ सगळ्यांना आधीच मान्य असतो. ब्रेख्तला ते मान्य असणंच हलवायचंय.

मराठीत ब्रेख्त आला तो याच वाटेने आला. खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा', विजया मेहतांनी बसवलेलं, 'कॉकेशियन चॉक सर्कल'वरून. आणि पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा', जब्बार पटेलांनी थिएटर अॅकॅडमीतून केलेलं. दोन्हीत आपल्या लोकनाट्याचं बळ पुरेपूर वापरलंय. पण त्यानंतर एक सवय लागली, ब्रेख्त म्हटलं की फेटे, ढोलकी आणि गण. 'मदर करेज'ला हे लावताना फार जपा. हे नाटक थंड, चिखलाचं, भुकेचं आहे, उत्सव झाला की युद्ध गमतीचं वाटायला लागतं.

गाण्यांचंही तेच. आपल्याला संगीत नाटकाची परंपरा आहे, पदासाठी गोष्ट थांबते आणि वन्समोअर येतो, ते सुरासाठी. इथे गोष्ट थांबते ती दुसऱ्याच कारणासाठी. पाउल डेसाउने १९४६ पासून जे संगीत केलं त्यात पियानोच्या हातोड्यांना टाचण्या खोचल्या होत्या, म्हणून आवाज गिटारसारखा टणक येतो, कान सुखावत नाहीत. बर्लिनमध्ये वादक बाजूच्या बॉक्समध्ये दिसत बसायचे आणि गाणं आलं की वरून एक चिन्ह उतरायचं, बिगूल, ढोल, झेंडा, दिव्यांचे गोळे, म्हणजे 'आता वेगळं काही सुरू होतंय' हे उघड सांगितलेलं. तुम्ही दोन वादक स्टेजच्या कडेला बसवा आणि गाण्याच्या वेळी नटाला जागा बदलून उभं करा, बास. चौथ्या सीनचं गाणं, शरणागतीचं, तक्रार करायला आलेल्या एका तरुण शिपायाला करेज ऐकवते: तुझा राग छोटा आहे, मोठा असता तर गोष्ट वेगळी. ते इतकं पटतं की शिपाई निघून जातो आणि ती स्वतःही तक्रार न करता उठते. हे गाणं गोड झालं तर तिचं म्हणणं प्रेक्षकालाही पटेल आणि तो तिच्यासारखाच शहाणपण समजून गप्प बसेल. नटीने ते गाताना स्वतःला दुखवत गायला हवं.

पाट्यांबद्दल, म्हणजे सीनआधी त्यात काय घडणार ते लिहून दाखवतात त्यांच्याबद्दल, सगळे विचारतात. पाटी आधुनिक दिसण्यासाठी लावायची नाही. सीन सुरू व्हायच्या आधीच ती सांगते की मुलगा जाणार आहे, त्यामुळे 'काय होणार' ही उत्सुकता जाते आणि 'कसं होतं' याकडे डोळे वळतात. एवढंच तिचं काम आहे. म्हणून ती वाचायला वेळ द्या, प्रोजेक्टरवर साधं पांढरं अक्षर, खाली संगीत नको, आणि नटांनी तिच्याकडे बघून सूचक हसू नये. लाइट भरपूर आणि पांढरा, रात्रीचा सीन असला तरी. बर्लिनमध्ये फिरता रंगमंच होता, गाडी चालत राहायची आणि तिथेच राहायची. तुमच्याकडे तो नसणार, तर गाडी स्टेजवर गोल फिरवा, पण ओढणारा खरंच ओढतोय हे दिसू द्या. गाडीवर खर्च करा, बाकी सेटवर नको. पहिल्या सीनमध्ये दोन तरणी पोरं ओढतात, शेवटी ती एकटी, आणि मधल्या प्रत्येक सीनमध्ये गाडीवर माल किती आहे हे बदललं पाहिजे, कारण धंद्याचा आलेख तोच आहे.

बातम्यांमधलं आजच्या युद्धांचं फुटेज मागे लावायची कल्पना तुमच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात येणारच. माझा त्याला ठाम विरोध आहे. फुटेज आलं की प्रेक्षक हळहळतो, आपण चांगल्या बाजूला आहोत याची त्याला खात्री पटते, आणि करेजशी असलेलं त्याचं नातं तुटतं. तुमचा प्रेक्षक रणगाडा चालवत नाही, तो करेजसारखा कुठेतरी लांबून हिशोब करतोय, आणि त्याला गाठायचं असेल तर पाकीटच लागेल. वायगेलकडे कमरेला चामड्याचं पाकीट होतं, ते बंद करायचा टक असा आवाज सगळ्या थिएटरला ऐकू जायचा. ती नाणी दाताने चावून बघायची. शेवटी कात्रिनच्या अंत्यविधीसाठी शेतकऱ्यांना पैसे मोजून देते आणि त्यातलं एक नाणं परत पाकिटात टाकते. फुटेजपेक्षा हे एक नाणं जास्त काम करतं.

कात्रिनच्या मरणाचा अकरावा सीन वेगळा आहे. १६३६, हॅले शहर झोपलंय, सैन्य गुपचूप हल्ला करणार, शेतकरी गुडघे टेकून प्रार्थना करतात, आणि ती मुकी पोरगी छपरावर चढून शिडी वर ओढून ढोल बडवते. आई गावात, माल घ्यायला गेलेली. गोळी लागेपर्यंत ढोल थांबत नाही, आणि शहर जागं होतं. इथे प्रेक्षक तिच्याशी एकरूप झाला तर होऊ दे, असं ब्रेख्तनेच लिहून ठेवलंय. फक्त शेतकऱ्यांच्या संवादांत रडारड आणू नका. बर्लिनला या सीनची तालीम करताना 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' जोडून संवाद म्हणवून घेतले होते, तुम्हीही करा, सीन एकदम लख्ख होतो.

१९४९ मध्ये फ्रीडरिश वोल्फ या नाटककाराने ब्रेख्तला विचारलं होतं की शेवटी करेजला काही कळायला नको का. त्याचं उत्तर साधारण असं, की तिला नाही कळलं तरी तिच्याकडे बघून प्रेक्षकाला कळू शकतं. त्यामुळे शेवटच्या सीनमध्ये तुमच्या नटीच्या चेहऱ्यावर 'आता मला समजलं' हा भाव चुकूनही येऊ देऊ नका, आणि वर एखादा शांततेचा संदेश तर अजिबात जोडू नका. मोठा मुलगा मेलाय हे तिला अजून माहीतसुद्धा नाही. ती गाडीला जुंपून घेते कारण सैन्य पुढे निघालंय आणि माल विकायचाय.

आता काटछाट. पूर्ण नाटक तीन तासांच्या वर जातं, तेव्हा कापावं लागेलच. दुसऱ्या सीनमधला आचाऱ्याबरोबरचा कोंबड्याचा सौदा ठेवा, मेजवानीतलं बोलणं कमी करा. आठवा, म्हणजे शांतता झाल्यावर करेजचं दिवाळं निघायची वेळ येते तो, लांबतो; त्यातलं आचारी आणि पाद्री यांचं भांडण निम्म्यावर आणता येईल, पण आयलिफला ज्या कामासाठी युद्धात शाबासकी मिळाली त्याच कामासाठी शांततेत मृत्युदंड मिळतो, तो धागा स्पष्ट राहू द्या. नवव्यातल्या गाण्याची दोन कडवी गेली तरी चालतील. सातव्याला मात्र हात लावू नका. तो इतका छोटा आहे की सगळे आधी तोच उडवतात. सहाव्याच्या शेवटी, कात्रिनचा चेहरा विद्रूप झाल्यावर, करेज युद्धाला शिव्याशाप देते. सातव्यात गळ्यात चांदीच्या नाण्यांची माळ घालून रस्त्याने येते आणि म्हणते माझं युद्ध कुणी नासवू नका. या दोघांत ब्रेक, मध्यंतर, ब्लॅकआउट काहीही नको, एकाला लागून दुसरा हवा. मध्यंतर पाचव्यानंतर घ्या.

आणि एक व्यावहारिक गोष्ट, परवानगीची. ब्रेख्त १९५६ मध्ये गेला, आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे मूळ जर्मन नाटकाची मुदत भारतात संपली आहे. पण तुम्ही वापरताय त्या भाषांतराचे हक्क भाषांतरकाराचे, ते वेगळे घ्यावे लागतील, इंग्रजीवरून करत असाल तर त्या इंग्रजी भाषांतराचेही. डेसाउ १९७९ मध्ये गेला, त्याच्या संगीताचे हक्क चालू आहेत. तेव्हा चाली स्वतःच्या बांधा, तुमच्यात कुणी बांधणारा असेलच, आणि त्याला पहिल्या तालमीपासून बसवा, गाणी शेवटच्या आठवड्यात आणून चिकटवू नका.

सीन तीनचा व्हिडिओ पाठवलात तर आकडे ऐकू येताहेत का ते बघून सांगतो.